गोड पाण्याच्या बोरिंगला कोणता रंग?

हातपंप रंगवायला फार काही लागत नाही. अर्धा लिटर ऑइलपेंट, एक ब्रश, हात पुसायला थोडं रॉकेल आणि एक मोकळी सकाळ. असा माझा अंदाज होता, आणि माझे अंदाज सहसा चुकत नाहीत. निदान प्रयोगशाळेत तरी.

आमच्याकडे हातपंपाला बोरिंग म्हणतात. चिंचधरी हे गाव तेलंगणातल्या बोथहून आत वळल्यावर, कापसाच्या शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याच्या अगदी टोकाला आहे. तिथे अशी दोन बोरिंगं आहेत. एक मारुतीच्या देवळासमोर, दुसरं बुद्धविहारासमोर. नळयोजनाही आहे, पण गाव पाइपलाइनच्या शेवटी असल्यामुळे धार पोचेपर्यंत करंगळीएवढी होते, आणि गुरांची तहान तेवढी भागते. माणसांची सगळी मदार बोरिंगांवर.

मी ज्या संशोधन संस्थेत नोकरी करते, तिने वर्षभर या भागातलं पाणी तपासलं. मारुतीपुढचं पाणी निर्धोक निघालं. विहारापुढच्या पाण्यात फ्लोराइड निघालं, चालतं त्याच्या जवळजवळ तिप्पट. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. लहान मुलांचे पक्के दात हिरडीच्या आत तयार होत असतात, तेव्हाच ते त्यांत जाऊन बसतं, आणि मग दात बाहेर येतात तेच पिवळे-तपकिरी पट्टे घेऊन. तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर पुढे सांधे धरतात, पाठ वाकत नाही. यावर औषध नाही. उपाय एकच, ते पाणी पिणं थांबवणं.

हे सगळं आम्ही एका शोधनिबंधात लिहिलं. तो इंग्रजीत छापून आला. ज्यांच्या पाण्याबद्दल तो होता, त्यांच्यापैकी कुणीही तो वाचला नाही. (उरलेल्या जगात किती जणांनी वाचला, ते मी चौकशी करून मन दुखवून घेतलेलं नाही.) तेव्हा आमचे प्रकल्पप्रमुख हर्षदीप सर हैदराबादहून फोनवर म्हणाले, "प्रगती, संशोधन लोकांपर्यंत गेलं पाहिजे. त्या गावात तुझी आत्या राहते ना?"

एम.एस्सी.ला मला सुवर्णपदक आहे. निवड आत्यावर झाली.

आत्या म्हणजे सोजरबाई. विहारासमोर, त्याच बोरिंगला लागून, तिची चहाची टपरी आहे. आपल्या चहाची कीर्ती नेरडीगोंड्यापर्यंत आहे, असं ती स्वतः सांगते. बाजारहत्नूरच्या बाजाराला जाणाऱ्या जीपा वाट वाकडी करून तिच्याकडे थांबतात, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिलं आहे. टपरीत तिच्या मांडीवर तिची नात दीपमाला बसलेली असते. वय दोन वर्षं. दीपमालाच्या दुधात पाणी त्या बोरिंगचं, पेजेत त्या बोरिंगचं, आणि रडली की गप्प करायला जो चमचाभर चहा मिळतो, तोही त्याच बोरिंगचा. आमच्या निबंधात 'आठ वर्षांखालील जोखमीचा गट' असा एक तक्ता आहे. मी गावात उतरले तेव्हा तो तक्ता माझी ओढणी तोंडात धरून चावत होता.

आता खरी अडचण सांगते. विहाराचं पाणी चवीला वाईट असतं, तर काम एका दिवसात झालं असतं. पण ते गावातलं सगळ्यात चांगलं पाणी होतं. यात चमत्कार काही नाही. जिथे फ्लोराइड जास्त, तिथे पुष्कळदा पाण्यात चुना कमी असतो, आणि चुना कमी म्हणजे पाणी मऊ. या पाण्यात डाळ लोण्यासारखी शिजते. साबणाला फेस येतो तो हाताबाहेर जातो. चहा तर असा लालबुंद उतरतो की बघत राहावं. उलट मारुतीचं निर्धोक पाणी जड. त्यात तुरीची डाळ तासभर उकळली तरी पातेल्यात ती खड्यासारखी वाजते. त्यामुळे विहाराभोवतीच्या वस्तीतलेच काय, पार देवळाकडच्या पाटीलगल्लीतले लोकही प्यायला आणि स्वैपाकाला पाणी विहारापुढून नेत. अशा पाण्याला गाव 'गोड पाणी' म्हणतं. आणि मी त्या गावाला सांगायला निघाले होते की तुमचं गोड तेच वाईट.

सुरुवात सभेने केली. शाळेच्या व्हरांड्यात पडदा लावला. लोक आले, कारण पडदा होता. मी सोप्या शब्दांत, चित्रं दाखवत, फ्लोराइड समजावून सांगितलं.

"म्हनजे कपाशीवर औषध मारते तसं का काई?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही काका, हे जमिनीतल्या खडकातून येतं."

"मंग खडकाले सांगा न बाई. आमाले काऊन सांगून राह्यले?"

हशा झाला. मी तो सुवर्णपदकाच्या संयमाने सोसला. मग सल्ले सुरू झाले. एकाने तुरटी फिरवायला सांगितली, दुसऱ्याने तांब्याचा गडवा. एक बाई म्हणाली, "पानी उकडून पेलं त?"

"अजिबात नको," मी उत्साहाने म्हणाले. "उकळलं की पाणी उडून जातं आणि फ्लोराइड तिथेच राहतं. जितकं आटवाल तितकं ते दाट होतं."

सगळ्या सभेने एकदम माझ्या आत्याकडे पाहिलं. आत्याचा चहा आटवलेला असतो, हीच त्याची ख्याती. आत्याने माझ्याकडे पाहिलं. त्या संध्याकाळी मला चहा मिळाला नाही.

पण सभा तिथे संपली नव्हती. शेवटच्या चित्रासाठी मी खास तयारी केली होती. आमच्या अभ्यासातल्या एका माणसाच्या दातांचा फोटो होता तो, त्याच्या संमतीने काढलेला, आणि तो मी इतका कापला होता की नाक नाही, डोळे नाहीत, ओठसुद्धा अर्धेच. या फोटोवरून कुणाचीही ओळख पटणार नाही, असं मी संस्थेच्या नीतिसमितीला स्वतः लिहून दिलं होतं. पडद्यावर दात उमटले. पहिल्या रांगेतल्या जयवंताबाई पुढे वाकल्या आणि ओरडल्या, "अवो, हे त आपल्या पंकजचे दात!"

त्यांचे यजमान चंपतराव, गावातले मोठे शेतकरी, चष्मा पुसत म्हणाले, "कायच्यावरून?"

"हा वरचा नाई पाह्यला? बैलानं शिंग मारलं तवा टवका नोता का उडाला?"

"हव न, हव न! पंकज, इकडं ये रे, जरा उभा राहा पडद्याजोळ."

पंकज, त्यांचा मुलगा, मागच्या खांबाला टेकून उभा होता. बिचाऱ्याचं लग्न ठरवायचं चाललं होतं. नुकतीच मुलगी पाहून आले होते आणि तिकडून निरोप यायचा होता. "आता सोयऱ्यायले हाच फोटो पाठवून द्या," कुणीतरी म्हणालं. पंकज तोंडाला रुमाल लावून निघून गेला. नीतिसमितीने माझ्या अर्जात दातांवरून माणूस ओळखणारं गाव असू शकतं, हा मुद्दा काढला नव्हता. मीही नव्हता काढला.

सभेचा निष्कर्ष असा निघाला: पोरगी हुशार आहे, पडदा चांगला होता, आणि पाणी विहारापुढचंच.

तेव्हा मी संस्थेने दिलेल्या पुस्तिकेतल्या दुसऱ्या उपायाकडे वळले. पिऊ नये त्या बोरिंगला लाल रंग, प्यावं त्याला निळा. वाचता न येणाऱ्यालाही कळेल, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. ग्रामपंचायतीचे सेक्रेटरी म्हणाले, रंगवा, पण बोथहून लेखी परवानगी आणा. बोथच्या कार्यालयात निवृत्तीला टेकलेले एक कारकून होते. ते म्हणाले, "दरखास्त ठीक हाय. पन मौक्यावर मुआयना झाल्याबगर मंजुरी नाई." मी विचारलं, जागेवर कशाची पाहणी, कशाचा मुआयना? "बोरिंग मौक्यावर हाय का नाई, त्याचा." पुढच्या टेबलावरच्या साहेबांनी तेलुगूत सांगितलं, "रेपु रा अम्मा," म्हणजे उद्या ये. उद्या गेले तर 'उद्या' एक दिवस पुढे सरकलेला होता. कितव्या तरी 'रेपु'ला अर्ज परत कारकुनांच्या हातात आला. त्यांनी त्यातलं माझं पूर्ण नाव वाचलं, मग 'मारुतीसमोरील बोरिंग: निळा' ही ओळ वाचली, मग पुन्हा माझं नाव वाचलं, आणि शिक्का मारताना फक्त एवढंच म्हणाले, "पाहून घे, माय."

पाहून काय घ्यायचं, हे मला कळलं नाही. मी फ्लोराइड मोजायला शिकले होते.

पुढच्या मोकळ्या सकाळी दोन्ही बोरिंगं रंगवून झाली. ओघळ नाहीत, डाग नाहीत; कामाचा मला अभिमान होता. तो दुपारपर्यंत टिकला. चंपतराव चारदोन लोकांना घेऊन आले आणि फार मायेने म्हणाले, "पोरी, तू शिकेल हाय, तुले काय सांगा. पन मारुतीपुढं निळं? आमचं काई म्हननं नाई. पन लोक म्हनतीन." त्यांच्याबरोबरच्या लोकांनी माना हलवल्या, म्हणणारे लोक तेच होते.

ते गेले नाहीत तोच वस्तीतली मंडळी आली. त्यांच्यात आत्याही होती. "जय भीम म्याडम," एक मावसकाका म्हणाले. मावसकाका मला म्याडम म्हणाले म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "घरची पोट्टी, अन् आपल्या बोरिंगले धोक्याचा लाल? अन् आपला निळा नेऊन देला तिकडं?"

चिंचधरीत दोन्ही बाजूंचं एकमत क्वचित होतं. ते माझ्यामुळे झालं: रंग बदला.

मग टपरीवर रंगांची बैठक भरली. हिरवा सुचवला, तर दर्ग्याजवळ राहणारे जे चहा पीत होते ते म्हणाले, "गावात आमचं बोरिंगच नाई, मंग आमचा रंग काऊन गुतवता?" गुलाबी एका पक्षाचा निघाला, पिवळा दुसऱ्याचा. भगवा चांगल्या पाण्याला द्यावा की वाईट, हा प्रश्न कुणी तोंडातून बाहेर काढायच्या आतच सगळ्यांनी चहाचे घोट घेतले. काळा म्हटलं, तर जयवंताबाई म्हणाल्या, "काया त नजर लागू नाई म्हनून लावते. म्हनजे आतलं पानी लय चांगलं, असंच होईन." पांढरा मळतो. राखाडी उरला, पण तो बोरिंगचा मूळचाच. इंद्रधनुष्यात सात रंग असतात हे मी चौथीत शिकले होते. सातच्या सात आधीच कुणीतरी धरून ठेवलेले आहेत, हे मला चिंचधरीत समजलं.

बैठक अनिर्णित राहिली आणि तेवढ्यात सरपंचाची निवडणूक लागली. आचारसंहिता पाहायला एक पथक जीपमधून आलं. आमची ताजी, चकचकीत बोरिंगं पाहून त्यांच्यातल्या साहेबांनी मला विचारलं, "मॅडम, ये कलर किस पार्टी का है?"

"पार्टी का नहीं सर, पानी का है."

"हां, मगर पानी किस पार्टी का है?"

मी शोधनिबंधाची प्रत काढून दाखवली. त्यांनी ती परत केली आणि दोन्ही बोरिंगांना खताच्या रिकाम्या गोण्या गुंडाळून सुतळीने आवळल्या. दांडा बाहेर, तोटी बाहेर, बाकी सगळं झाकलेलं. आता दोन्ही बोरिंगं जुळ्या बहिणींसारखी दिसत होती, आणि माझ्या सगळ्या संशोधनाचं गावात जे काही उरलं होतं ते गोणीच्या आत होतं. गोणी बांधून जीप गेली. धुरळा बसायच्या आत दीपमाला आजीच्या मांडीवरून उतरली, दुडुदुडु तोटीखाली गेली, आणि कुणाच्या तरी घागरीआधी तोंडाचा आ करून उभी राहिली. घागरवाली हसली आणि तिच्या तोंडात धार सोडली.

मी धावत जाऊन तिला उचललं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. दीपमालाने जो गळा काढला, तो ऐकून तर पथकाची जीपही परत येईल असं वाटलं.

संध्याकाळी टपरी आवरताना आत्या माझ्याशी बोलली. सभेनंतर प्रथमच. "तू काऊन एवढी त्या बोरिंगच्या मागं लागली, ते मले समजते. पन ते बोरिंग काय हाय, ते तुले नाई समजत."

"सांग ना मग."

"पयले गावात मारुतीचंच बोरिंग होतं. आमी घागरी घेऊन लांब बसाव. कोनी येऊन वरून ओतीन तवा पानी. नाई आलं कोनी, त बसून राहाव. मंग इथं बोरिंग लागलं, अन् पानी निंगालं गोड. आठ दिवसांनी पाह्यते त काय, जयवंताची सासू घागर घेऊन इथं उभी. आमच्या दाराशी. 'सोजर, हापसू का वं?' म्हने. मले इचारून राह्यली!" आत्याने कपबश्या उपड्या घातल्या. "त्या दिवशी माह्या सासूनं पेटीतलं नवं लुगडं काढून नेसलं होतं. काई सण नोता. तवापासून सारं गाव आपल्या दारी पान्याले येते. त्या बोरिंगले तू लाल लावलं, पोरी. 'ह्यायचं पानी खराब' असं पुन्यांदा लिहून देलं."

पाण्यात काय काय विरघळलेलं असतं, याची लांबलचक यादी मी पाठ केली होती. त्यात हे नव्हतं.

पण खोटं बोलता येईना. मी दीपमालाला मांडीवर घेतलं, तिचा ओठ बोटाने वर केला आणि म्हणाले, "आत्या, हे दुधाचे दात आहेत, हे पडतील. पक्के दात आता आत तयार होतायत. जे तिच्या पोटात जाईल तेच त्यांच्यात जाईल. ते एकदा बाहेर आले की मी काही करू शकत नाही. माझी संस्था नाही, बोथचं ऑफिस नाही, कुणीच नाही. जे करायचं ते आत्ताच."

आत्यानेही वाकून त्या हिरडीकडे पाहिलं, जणू आतलं दिसतंय. दीपमालाने माझं बोट चावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टपरी उघडली नाही. गावाच्या दृष्टीने ही निवडणुकीपेक्षा मोठी घटना. मी बाहेर आले तर आत्या दारात उभी होती. ठेवणीतली मोरपंखी साडी, केसांना तेल, काखेत घासून लख्ख केलेली घागर.

"कुठे?"

"मारुतीच्या बोरिंगवर. पान्याले."

ती गल्लीच्या मधोमध चालत निघाली. आवाज मुळात कमी नाहीच, त्यात तिने तो वर लावलेला. दिसेल त्याला सांगत होती, "आजपासून सोजरबाईचा चाय मारुतीच्या पान्याचा! प्याचा असंन त या, नाई त घरी पे!" मी मागोमाग, दीपमालाला कडेवर घेऊन. मला खरं सांगायचं तर भीती वाटत होती. देवळापुढे पाटीलगल्लीतल्या बायका उभ्या होत्या, गोणी बांधलेल्या बोरिंगभोवती. आत्याने घागर तोटीखाली ठेवली आणि मागे सरकली नाही. तिथेच उभी राहिली, पदर खोचून.

जयवंताबाईंनी दांडा धरला. "सोजर, हापसू का वं?" त्या म्हणाल्या.

आपल्या सासूचंच वाक्य त्या बोलत होत्या, हे त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, ते मी कधी विचारलं नाही. आत्याला ठाऊक होतं. ती एवढंच म्हणाली, "हापस. पन दमादमानं, साडी नवी हाय माही."

एवढ्यावर ती थांबली असती तर ती माझी आत्या नव्हे. भरली घागर खाली ठेवून तिने तिथेच जाहीर केलं, "अन् आयका. आमच्या बोरिंगच्या पान्याले जो फेस येते, तो साऱ्या जिल्ह्यात नाई. असं पानी प्याले वाया घालवाव का? आजपासून ते धुन्याचं बोरिंग. सारे जन धुनं घेऊन या. साबन अर्धाच लागते." वाईट हा शब्द तिने काढला नाही. लाल नाही, धोका नाही, फ्लोराइड तर नाहीच. दातांबद्दल मात्र ती प्रत्येकीला हळूच सांगत होती, "त्या पान्यानं दातातला चुना धुऊन निंघते." त्या वाक्यात निदान दोन चुका होत्या. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, तर तिने दीपमालाकडे डोळ्याने खूण केली. मी तोंड मिटलं.

दुपारी पंकज बैलगाडी घेऊन आला. गाडीत नाल्यावरचा तो सपाट काळा धुण्याचा दगड होता, ज्याच्यावर आधी कुणी बसायचं यावरून गावातल्या बायकांची भांडणं लागत. "सोजरकाकूनं सांगतलं," तो मला म्हणाला, आणि सभेनंतर पहिल्यांदाच तोंड उघडून हसला. "म्याडम, माह्ये दात त झाले फेमस. आता लपवून काय करू? पन पोट्ट्यायचे तरी नोको व्हाले असे." मला त्याची माफी मागायची होती, तोवर तो दगडाखाली पहार घालायला लागला होता.

चारपाच जणांनी तो दगड विहाराच्या बोरिंगच्या तोटीखाली बरोबर तिरपा बसवला आणि भोवती सिमेंट थापलं. मी पाहत होते, पण मला लगेच कळलं नाही. कळलं ते एक बाई सवयीने घागर घेऊन आली तेव्हा. तिने घागर तोटीखाली ठेवली. घागर घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. त्या दगडावर कपडा आपटता येतो, घोळता येतो, पिळता येतो. घागर उभी राहत नाही. बाईने दोनदा दगडाकडे पाहिलं, मग घागर उचलून ती मारुतीकडे गेली.

मी तिथेच पायरीवर बसले. एक पडदा, एक शोधनिबंध, दोन डबे रंग आणि कितीतरी 'रेपु' खर्च करून मला जे जमलं नव्हतं, ते एका तिरप्या दगडाने केलं होतं. आणि कुणाच्या बोरिंगला कुणी बोट लावलं नव्हतं.

सेक्रेटरी धावत आले. "परवानगी?"

"दगड ठेवाले परवानगी लागते का जी?" आत्याने विचारलं.

त्यांनी फोनवर कुणाला तरी विचारलं. रंगाचे नियम होते, दगडाचे नव्हते. पथकही पुन्हा येऊन गेलं; दगड कोणत्याच पक्षाच्या रंगाचा नव्हता.

पुढचं सगळं आपोआप झालं असं म्हणणार नाही. डाळीसाठी फार बोलणी खावी लागली. मारुतीच्या पाण्यात ती शिजेना, आणि गावातल्या प्रत्येक कच्च्या वरणाचं खापर माझ्या पदवीवर फुटलं. रात्रीच डाळ भिजत घाला, असं मी दारोदार सांगत फिरले. हा माझा एकमेव सल्ला जो लोकांनी मी दिला म्हणून ऐकला. पण धुणं मात्र पहिल्याच दिवसापासून वाढलं. पूर्वी बायका विहारापुढे घागर भरेपर्यंत थांबायच्या. आता तास तास बसतात, कारण धुणं घागरीसारखं पटकन होत नाही आणि बोलणं तर त्याहून नाही. पाटीलगल्ली, वस्ती, दर्ग्याजवळची घरं, सगळ्यांची लुगडी, चादरी, शर्ट विहाराच्या कुंपणावर एका ओळीत वाळतात. सारं गाव आत्याच्या दारी येतं, आधीपेक्षा जास्त, आणि बसल्या बसल्या चहा पितं.

त्या चहाबद्दल प्रामाणिकपणे लिहायला हवं. तो वाईट आहे. जड पाण्यात चहा गढूळ उतरतो आणि वर एक पातळ तवंग धरतो. चुना आणि चहाचा तो मेळ आहे, हे शास्त्रात सांगितलेलं आहे. आत्या त्याला साय म्हणते. "दूध जास्त टाकते आता," ती जीपवाल्यांना सांगते. जीपा काही दिवस थांबल्या नाहीत. तिने तोंडातून हूं की चूं काढलं नाही. मग त्या पुन्हा थांबायला लागल्या, कारण माणसं चहासाठी थांबत होती की आत्यासाठी, हे बहुधा जीपवाल्यांनाही आधी माहीत नव्हतं.

निवडणूक संपल्यावर हर्षदीप सर पाहणीला आले. गोण्या सुटल्या होत्या, पण खाली रंगाचे पोपडे निघाले होते आणि लाल बोरिंग साबणाच्या शिंतोड्यांनी जवळजवळ पांढरं झालं होतं. सरांनी धुणं धुणाऱ्या जयवंताबाईंना विचारलं, "आजी, हे पाणी तुम्ही पीत का नाही?"

एक शब्द. फक्त फ्लोराइड हा एक शब्द त्यांनी म्हणावा.

"धुन्याचं पानी कोन पेते जी?" जयवंताबाई म्हणाल्या आणि पंकजचा साखरपुड्याचा शर्ट दगडावर आपटला. तिकडून होकार आला होता. मुलीकडच्यांनी शेती विचारली होती, दात नाही.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे जागृती शून्य."

"हो सर."

"आणि पिणारे?"

"तेही शून्य."

सरांनी दगडापाशी खाली बसून त्याचा तिरपेपणा हाताने चाचपला. मला ते फार आवडलं. आत्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला. त्यांनी घोट घेतला, थांबले, तवंगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"साय हाय," आत्या म्हणाली. "प्या."

ते प्यायले. दीपमाला तिच्या वाटीतून मारुतीचं पाणी पीत होती आणि अर्धं अंगावर सांडत होती. सरांना पाहून ती खुदकन हसली. सरांनी अहवालासाठी मोबाइल काढला. "दातांचा एक फोटो घेऊ का? फक्त दात. ओळख पटणार नाही."

"नको सर," मी म्हणाले. "इथे पटते."

त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. तसाही तो फोटो काही उपयोगाचा नव्हता. ते दुधाचे दात आहेत. पक्के यायला अजून चारेक वर्षं लागतील, आणि आमच्या प्रयोगाचा खरा निकाल तेव्हा कळेल. प्रकल्पाची मुदत त्याच्या पुष्कळ आधी संपते. माझी नाही. मी महिन्यातून एकदा चिंचधरीला जाते, दीपमालाचा ओठ बोटाने वर करून पाहते, ती माझं बोट चावते, आणि आत्या न विचारता माझ्यापुढे कप ठेवते. मी तवंगासकट पिते आणि दुसरा कप मागते.